मोबाईलला ज्वर येतो तेव्हां

गेल्या वैशाखांतील गोष्ट. गुरुवार होता. दुरुस्तीसाठीं सकाळीं नऊ वाजतां गेलेली वीज दुपारीं तीन वाजतां आली, आणि आमच्या विश्रांतवाडीच्या घरांतील साऱ्या मंडळींनीं एकदमच चार्जिंगकडे धांव घेतली. घरांत माणसें नऊ आणि मोबाईल सात. पूर्वीं सणाच्या दिवशीं स्नानासाठीं बंबापाशीं जशी रांग लागे, तशी दिवाणखान्यांतील बोर्डापाशीं लागली. त्या गर्दींत आमच्या थोरल्या वहिनींचा फोन मात्र हट्टाला पेटला होता. वायर लावली कीं पडद्यावर क्षणभर विजेची खूण दिसे आणि लागलीच नाहींशी होई. हातांत घ्यावा, तर नुकत्याच तव्यावरून काढलेल्या पोळीसारखा चटका बसे.

"भाऊजी, आजच नेमका हा रुसून बसलाय," वहिनी म्हणाल्या. त्यांचा स्वर नेहमींचा नव्हता, आणि त्याला कारणही तसेंच होतें. त्यांची धाकटी कन्या कॅनडांत असते; तिचे दिवस भरत आले होते. तिकडे दुपार होते तेव्हां आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली असते. म्हणून गेले पंधरा दिवस वहिनी फोन चार्जिंगला लावूनच उशीखालीं ठेवीत आणि मग निजत. रात्रीं हाक आली आणि आपण ऐकली नाहीं असें होऊं नये, एवढाच त्यांचा हेतु.

पुढें जाण्यापूर्वीं एक खुलासा. या लेखांत आम्ही 'भ्रमणध्वनि' हा शब्द योजिलेला नाहीं. संस्कृताचा अभिमान आम्हांसही आहे; परंतु 'भ्रमणध्वनि विद्युद्भारित करण्यास ठेव' असें आमच्या स्वयंपाकघरांत आजवर कोणी म्हटलेलें नाहीं. 'फोन चार्जिंगला लाव' हीच सर्वांची मराठी आहे, आणि तीच येथें चालविली आहे.

वहिनींच्या फोनवर आम्हीं घरच्या घरीं जे उपचार केले ते तिन्ही चुकले. तसे ते घरोघर होत असतात, म्हणून आधीं तेच सांगतों. वहिनींचा नातू नववींत आहे. त्यानें आपला नवा मोठा चार्जर आणला आणि "आजी, हा अर्ध्या तासांत भरतो," असें सांगून तो लावला. फोन अधिकच तापला. सूनबाईंनीं फोन पांच मिनिटें फ्रिजमध्यें ठेवावा असें सुचविलें. तेवढें शहाणपण आम्हांस होतें. आम्हीं त्यांना नको म्हटलें, आणि स्वतः मात्र तोच फोन माठाला गुंडाळलेल्या ओल्या फडक्याशीं टेकवून ठेवला! फ्रिज काय आणि माठ काय, दोष एकच. फ्रिजमधून बाहेर काढलेल्या ताकाच्या भांड्यावर हवेंतील बाष्पाचे थेंब जमतात, हें आपण रोज पाहतों. तेच थेंब फोनच्या पोटांत जमले तर तेथील बारीक तारांचें काय होईल याचा विचार आपण करीत नाहीं. ओल्या फडक्याचें पाणी तर उघडउघड चार्जिंगच्या भोकाकडेच वाट काढीत होतें. तिसरी चूक सर्वांत मोठी. ती यथाक्रम येईल.

मुळांत फोन तापणें आणि चार्जिंग न चढणें हीं आपणांस दोन दुखणीं वाटतात, पण बहुधा तें दुखणें एकच असतें. बॅटरीच्या अंगाशीं उष्णता मापणारा एक इवलासा अवयव बसविलेला असतो. तापमान बदललें कीं त्याचा विजेला होणारा विरोध बदलतो, आणि त्यावरून फोनला आपल्या अंगांतील ताप कळतो. बॅटरीचें तापमान सुमारें ४५ अंश सेल्सिअसच्या वर गेलें कीं बहुतेक फोन चार्जिंग मंद करतात किंवा अजिबात थांबवितात. ज्वराच्या आरंभीं लंघन करावें असें आयुर्वेद सांगतो. आपण तें ऐकत नाहीं, पण फोन ऐकतो. अशा वेळीं त्याला अधिक जोराचा चार्जर लावणें म्हणजे तापानें फणफणलेल्या मुलाच्या तोंडांत श्रीखंड कोंबण्यासारखें आहे.

आतां पुण्याचा हिशेब पाहा. लोहगांवच्या वेधशाळेंत पारा चाळिसाच्या घरांत गेला, कीं आमच्या गच्चीखालच्या खोलींत दुपारीं सदतीस-अडतीस अंश सहज असतात. ॲपल कंपनी आपले फोन ० ते ३५ अंशांच्या हवेंत वापरावे असें सांगते. म्हणजे आमच्याकडील वैशाखाची दुपार तिच्या हिशेबाबाहेरचीच म्हणावयाची! त्यांत चार्जिंगची स्वतःची उष्णता मिळवा. चार्जिंग चालू असतांना चित्रासह संभाषण चालू ठेवलें तर त्याची उष्णता निराळी. घराच्या ज्या कोपऱ्यांत रेंज कमी असते तेथें फोनला मनोऱ्यापर्यंत आवाज पोंचविण्यासाठीं अधिक जोर काढावा लागतो. त्याचीही उष्णता आहेच. आळंदी रस्त्यानें भर उन्हांत दुचाकीच्या दांडीवर फोन अडकवून, नकाशा चालू ठेवून जाणारे तरुण आम्ही रोज पाहतों. त्यांचे फोन घरीं आल्यावर चार्जिंग घेत नाहींत यांत नवल कोणतें? आणि वहिनींनीं तर या सर्वांवर कापसाची उशी ठेविली होती. उष्णतेला बाहेर पडावयास वाट म्हणून उरली नाहीं.

तेव्हां पहिला उपचार विश्रांतीचा. वायर काढावी, जाड कव्हर काढावें, फोन बंद करावा आणि पंख्याखालीं उघड्या फरशीवर अर्धा तास पडूं द्यावा. नंतर साध्या चार्जरनें चार्जिंगला लावावा आणि तें पुरें होईपर्यंत त्याला हात लावूं नये. दहापैकीं कितीजणांचें काम एवढ्यानें होईल याचा आंकडा आम्ही देत नाहीं. परंतु आमच्या घरांतील उरलेल्या सहा फोनांचीं उन्हाळ्यांतील गाऱ्हाणीं एवढ्यानेंच मिटलीं.

गार झाल्यावरही चार्जिंग चढत नसेल, तर न्यायशास्त्रांतील अन्वय-व्यतिरेकाचा आश्रय करावा. अमुक असतां दोष असतो आणि तें काढून घेतलें असतां दोष जातो, तर दोषाचें मूळ तेंच. बोर्ड, चार्जर, वायर आणि फोन असे चार साखळदुवे आहेत. त्यांपैकीं एका वेळीं एकच बदलावा. आपण काय करतों? वायरही दुसरी घेतों, चार्जरही दुसरा घेतों आणि बोर्डही स्वयंपाकघरांतला घेतों. चार्जिंग सुरू होतें. पण दोष कोठें होता तें कळत नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं तीच बिघडलेली वायर घेऊन दुसरें कोणी कपाळाला हात लावून बसतें. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गांठ, अशांतला तो प्रकार.

बोर्डाची परीक्षा टेबलावरच्या दिव्यानें होते. प्लग सैल बसत असेल, लावतांना आंत चरचर होत असेल, किंवा काढल्यावर त्याच्या पितळी दांड्या ऊन लागत असतील, तर फोनची चिकित्सा तेथेंच थांबवून आधीं वायरमनला बोलवावें. एकाच पट्टीवर सात चार्जर लावण्याचा आमचा उद्योगही स्तुत्य नव्हता. वायर बहुधा मानेपाशीं आंतून तुटते. बाहेरून धडधाकट दिसते. चार्जरची गोष्ट निराळी. त्याला भिंतींतील २३० व्होल्टची वीज घेऊन ती ५ किंवा ९ व्होल्टवर उतरवावयाची असते. हें जोखमीचें काम रस्त्यावरच्या ढिगांतून घेतलेल्या नगावर सोंपवूं नये. भारतीय मानक ब्यूरोनें चार्जर व बॅटऱ्या यांची नोंदणी सक्तीची केलेली आहे. चार्जरच्या अंगावर ब्यूरोची खूण आणि 'आर' या इंग्रजी अक्षरानें आरंभ होणारा नोंदणीचा आंकडा छापलेला असतो. तो खरा कीं खोटा तें ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या ॲपवर पाहतां येतें. अक्षरें बारीक असतात. नातवंडांकडून वाचून घ्यावीं.

आतां चार्जिंगच्या भोकाविषयीं. आमच्या एका समवयस्क स्नेह्यांचा फोन वायर विशिष्ट कोनांत धरली तरच चार्जिंग घेई. रोज रात्रीं ते वायरीखालीं पंचांग आणि त्यावर चष्म्याचें घर अशी रचना करीत. नवीन फोन घेण्याचें ठरलें होतें. आम्हीं विजेरीच्या उजेडांत पाहिलें, तर भोकाच्या तळाशीं सदऱ्याच्या खिशांतील कापसाचा गोळा घट्ट बसलेला, आणि त्यांत सुपारीचा चुरा! फोन बंद करून लाकडी दांतकोरणीनें तो हळूहळू उकरून काढला. वायर टचकन् बसली. हें काम टांचणीनें किंवा सेफ्टी पिनेनें करूं नये, कारण आंतील पत्र्या नाजूक असतात आणि धातूनें त्या एकमेकींस जोडल्या जाऊं शकतात. फुंकरही मारूं नये. फुंकरीबरोबर थुंकी जाते.

फोन अगदीं शून्यावर जाऊन निपचित पडला असेल, तर वायर लावल्यावर वीस-तीस मिनिटें तो कांहींच खूण दाखवीत नाहीं. रिकामी झालेली बॅटरी आरंभीं फार मंद घोट घेते. घाईनें दर मिनिटाला बटण दाबून पाहणारा मनुष्य त्याला उठूं देत नाहीं. त्याचप्रमाणें फोनची आंतली प्रणाली नवी उतरवून घेतली, कीं एक-दोन दिवस तो अधिक तापतो. त्यानें लगेच घाबरावयाचें कारण नाहीं.

पाण्याचें प्रकरण आम्हांस वारीनें शिकविलें. ज्येष्ठ वद्यांत ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून पुण्यास येते ती दिघीवरून आमच्या विश्रांतवाडीनेंच. त्या दिवशीं रस्त्याच्या दुतर्फा चहा, केळीं, राजगिऱ्याचे लाडू यांच्या जोडीला आतां विजेच्या लांब पट्ट्याही मांडलेल्या असतात. वारकऱ्यांचे फोन चार्जिंग करून देणें ही एक नवी सेवाच झाली आहे. एके वर्षीं अशी एक पट्टी आमच्या स्वाधीन होती. पाऊस भुरभुरत होता. फोन प्लास्टिकच्या पिशवींतून निघत. पण पिशवी आंतून घामेजलेली, आणि पुष्कळ फोन वायर लावतांच पडद्यावर थेंबाची खूण दाखवून चार्जिंग नाकारीत. मंडळींस वाटे, आमची पट्टीच बिघडलेली आहे. खरें पाहतां भोकांत ओल असतां वीज आंत घेतली तर आंतल्या पत्र्या झिजतात, म्हणून फोन ती अडवितो. आम्हीं फोन भोक खालीं करून हलकेच तळहातावर आपटले, कोरड्या पंचानें पुसले आणि वाऱ्यावर ठेवून दिले. कोणी तांदुळाच्या डब्यांत पुरावयास सांगितलें. तें करूं नये. तांदुळाचा भुगा व कण भोकांत जातात. एक वृद्ध वारकरी मात्र मुळींच उतावीळ नव्हते. टाळ मांडीवर ठेवून ते म्हणाले, "असूं द्या माउली, त्यालाबी जरा इसावा घेऊं द्या." पाऊण तासानें त्यांचा फोन चार्जिंग घेऊं लागला, तोंवर त्यांची दिंडी येरवड्याकडे वळली होती, फोन घेऊन त्यांना गांठावयास आमच्या नातवाला धांवावें लागलें.

वहिनींच्या फोनाकडे परत येऊं. सायंकाळपर्यंत तो गार झाला. वायर बदलली, चार्जर बदलला, बोर्ड बदलला, भोक साफ केलें. सर्व व्यतिरेक झाले तरी दोष जाईना. म्हणजे दोष फोनांतच. टेबलावर ठेवला तर तो सपाट बसेना. मध्येंच टेंगूळ आल्यासारखा भोंवऱ्याप्रमाणें फिरूं लागला. पाठीचें झांकण एका कडेनें नख शिरेल इतकें सुटलें होतें. डब्याचें झांकण नीट बसलें नाहीं म्हणजे जसें दाबावें, तसें आम्हीं तें अंगठ्यानें दाबलें. ही तिसरी चूक, आणि तिच्या आठवणीनें आजही आमच्या अंगावर कांटा येतो.

कारण तें झांकण सुटलें नव्हतें. त्याला आंतल्या बॅटरीनें लोटलें होतें. लिथियम-आयन बॅटरीच्या पाकिटांत दोन पातळ थर एकमेकांस लगटून असतात आणि त्यांच्यामध्यें केसाहूनही पातळ असा सच्छिद्र पडदा असतो. सारें पाकीट एका ज्वालाग्राही द्रवानें भिजलेलें असतें. चार्जिंग होतांना लिथियमचे भारित कण पडद्यांतून एका थराकडून दुसऱ्याकडे जातात, वापरतांना परत येतात. सुमारें पांचशें पूर्ण येरझारा झाल्या कीं पुष्कळ बॅटऱ्यांची धारणाशक्ति आठ-दशांशांवर येते. तो वार्धक्याचा धर्म आहे, त्यांत भय नाहीं. परंतु वार्धक्यांत नित्याची उष्णता मिळाली, कीं तो द्रव विघटित होऊन वायु उत्पन्न होतो आणि पाकीट फुगतें. फुगलेल्या पाकिटावर दाब पडून मधला पडदा फाटला तर दोन्ही थर भिडतात. मग उष्णतेनें विघटन आणि विघटनानें उष्णता असें चक्र सुरू होऊन पाहतां पाहतां धूर आणि ज्वाळा निघतात.

हें तंत्र कांहीं हलक्या हातीं जन्मलेलें नाहीं. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनीं १९७० च्या दशकांत त्याचा पाया घातला, जॉन गुडइनफ यांनीं १९८० मध्यें ऑक्सफर्डला कोबाल्टचा थर योजला, जपानांत अकिरा योशिनो यांनीं १९८५ मध्यें त्यांतून वापरण्याजोगी बॅटरी सिद्ध केली आणि १९९१ मध्यें सोनी कंपनीनें ती बाजारांत आणली. तिघांना २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. गुडइनफ त्या वेळीं ९७ वर्षांचे होते; अठ्ठावन्नाव्या वर्षीं आपलें शिकणें संपलें असें मानणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंनीं हा आंकडा एकदां वाचावा. तरीही मोठमोठे कारखाने या बॅटरीपुढें फसले आहेत. ऑगस्ट २००७ मध्यें नोकिया कंपनीनें जपानच्या मात्सुशिता कंपनीनें केलेल्या ४ कोटि ६० लाख 'बीएल-५सी' बॅटऱ्यांविषयीं इशारा दिला, कारण त्यांतील कांहीं चार्जिंग होतांना अतिशय तापत. त्या दिवसांत घरोघर लोक फोनची पाठ उघडून बॅटरीवरचा आंकडा वाचीत बसलेले आम्हांस आठवतात. २०१६ मध्यें सॅमसंगच्या 'गॅलक्सी नोट ७' या फोनांनीं पेट घेतला. आपल्या विमान-वाहतूक संचालनालयानेंही विमानांत त्यांचा वापर मना केला आणि अखेर कंपनीनें तें मॉडेलच बंद केलें. जानेवारी २०१७ मध्यें कंपनीनें कारण सांगितलें तें एकदोन केसांच्या अंतराचें होतें. एका कारखान्याच्या बॅटरींत कोपऱ्याला थर मावण्याइतकी जागा नव्हती, दुसऱ्याच्या बॅटरींत जोडकामाचे खडबडीत कण राहिले होते. जेथें एवढी जागा चालत नाहीं, तेथें आमचा अंगठा!

म्हणून घरगुती वैद्यकीची सीमा येथें आहे. फोन फुगला, झांकण उचललें, नखें रंगविण्याच्या द्रवासारखा गोडसर उग्र वास आला, किंवा सूं-सूं असा आवाज झाला, तर चार्जिंग पुनः करून पाहूं नये, दाबूं नये, टोंचूं नये. प्रथम भिंतीवरील बटण बंद करावें. हात लावण्याजोगा असेल तर फोन फरशीवर, पडदे-गाद्यांपासून दूर ठेवावा. पेटलाच तर मुलांना व वृद्धांना बाहेर काढून १०१ ला कळवावें. बटण बंद झाल्याची खात्री असेल तर भरपूर पाणी ओतून बॅटरी थंड करतां येते. पण खोलींत धूर भरला असेल तर शौर्य करूं नये.

आम्हीं फोन बंद करून एका स्टीलच्या ताटांत ठेवला आणि ताट गॅलरींत. वहिनी रात्रभर जाग्या होत्या. त्यांना फोनची चिंता नव्हती. पंधरा रात्री तो आपल्या कानाखालीं होता आणि शेजारीं धाकटी नात निजत असे, हें त्यांना आतां उमगलें होतें. सूनबाईंनीं कॅनडास आपला नंबर कळविला.

दुसऱ्या दिवशीं चौकापलीकडच्या दुरुस्तीच्या दुकानांत तो तरुण कारागीर फोन हातांत घेऊन उलटसुलट करीत म्हणाला, "काका, दाबलं होतं का हे?" पस्तीस वर्षें मुलांकडून चुकांची कबुली घेण्यांत गेलेल्या आम्हांस मान खालीं घालून 'होय' म्हणावें लागलें. त्यानें रागावून कांहीं म्हटलें नाहीं. प्लास्टिकच्या पातीनें झांकण सोडविलें आणि पापडासारखी फुगलेली बॅटरी काढून वाळूच्या पत्र्याच्या डब्यांत ठेविली. ती ई-कचरा नेणाऱ्यांना द्यावयाची असते. ती आपल्या सुक्या कचऱ्यांत गेली, तर 'स्वच्छ'च्या ज्या भगिनी आपल्या दारांतून कचरा नेतात त्यांच्या हातांत किंवा गाडींत ती दबून पेटावयाची. २०२२ च्या बॅटरी-कचरा नियमांनीं जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकिलेली आहे. तीं केंद्रें शोधण्याचा त्रास आपण घ्यावयाचा. कंपनीची नवी बॅटरी सोमवारीं येईल असें कारागिरानें सांगितलें. त्याच्याकडे त्याच मापाची एक स्वस्त बॅटरी तयार होती. ती मागितली असतां "घरच्यांसाठीं असेल तर थांबा," एवढेंच तो बोलला.

हाक यावयाची ती शनिवारीं उत्तररात्रीं पावणेचार वाजतां सूनबाईंच्या फोनवर आली. मुलगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप. सूनबाईंनीं वहिनींना उठविलें तेव्हां त्या जाग्याच होत्या. सोमवारीं त्यांचा स्वतःचा फोन आला. आतां त्यांत ऐंशीं टक्क्यांवर चार्जिंग थांबेल अशी व्यवस्था नातवानें करून दिली आहे. रात्रीं दहा वाजतां वायर काढून तो देवघराबाहेरच्या लाकडी पाटावर ठेविला जातो, आवाज मोठा करून. पलंगापासून पाटापर्यंत बारा पावलें आहेत. वहिनींनीं मोजलीं आहेत.